पेटीतली कार्यशाळा

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी ऐकू येते: ‘माझ्या यंत्रावर तर चालते!’ त्यात खोटे काही नसते. आज्ञावली तीच, परंतु एका यंत्रावर भाषेची एक आवृत्ती, दुसऱ्यावर दुसरी. नव्याने कामावर आलेल्या माणसाचे पहिले दिवस मग ही जुळवाजुळव करण्यातच खर्ची पडतात.

१९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. आत काय आहे याची पृच्छा न करता यारीने पेटी उचलावी, ही त्यातली खुबी. २०१३ मध्ये ‘डॉकर’ने तशीच सोय आज्ञावलीसाठी सर्वांच्या हाती दिली. ही पेटी म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. लिनक्सचा गाभा सर्व पेट्यांना समाईक असतो. तोच प्रत्येकीला निराळी फाइलव्यवस्था दाखवितो आणि स्मृतीचा वाटा नेमून देतो. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखेच हे: खोल्या निराळ्या, पाया एक.

पेटीत काय असावे, हे ‘डॉकरफाइल’मध्ये पाककृतीप्रमाणे ओळीओळीने लिहितात. त्यातच ‘व्हिम’ हा संपादक बसवून घ्यावा. बिल जॉय यांच्या १९७६ च्या ‘व्हीआय’चा हा वारस ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला चित्रमय पडदा लागत नाही की माऊस लागत नाही. म्हणून तो पेटीत सहज मावतो आणि मंद जोडणीवरून दूरच्या यंत्रावरही चालतो.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. पेटी क्षणभंगुर आहे. ती काढून टाकली की आत लिहिलेले सारे तिच्याबरोबर जाते. यास्तव कामाची फाइलपेढी यजमान यंत्रावरच ठेवून पेटीला जोडावी. दुसरे, पेटीत ‘रूट’ म्हणून वावरू नये. नाहीतर लिनक्सवर आपल्याच फायली बाहेर आपल्याला बदलता येत नाहीत. तिसरे, मूळ प्रतिमेचा आवृत्ती-क्रमांक स्पष्ट लिहावा. केवळ ‘नवीनतम’ लिहिले, तर आजची पेटी आणि सहा महिन्यांनंतरची पेटी एक राहणार नाही.

एवढे केले म्हणजे, जी मांडणी एका जाणत्याच्या डोक्यात होती, ती लेखी उतरते. तो रजेवर गेला, नोकरी सोडून गेला, तरी काम अडत नाही; आणि नवख्याला कोणापुढे ओशाळे व्हावे लागत नाही. माझ्या मते या पेटीचा खरा लाभ हाच आहे.