मापाचा धनी कोण?

(बेळगुंदी येथे ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेत आपले, घाम आपला. पण पायली दुसऱ्याच्या हाती असली की रास किती भरली हे तोच सांगणार! उच्च शिक्षणाची स्थितीही अशीच आहे. विद्यालय समाजाने काढावे, वर्गणी समाजाने द्यावी, आणि तेथील पदवी खरी की खोटी हे ठरविणारा शिक्का मात्र अन्यत्र असावा. त्या शिक्क्यास मान्यता म्हणतात. जगातील काही आदिवासी समाज आज हा शिक्का स्वतः घडवीत आहेत. त्यांच्या पाठीशी आपण का उभे राहावे, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे.

सीमाभागास हा प्रश्न परका नाही. निपाणी कर्नाटकात, पण तिच्या वेशीलगतचे देवचंद महाविद्यालय सीमेपलीकडे, कागल तालुक्यातील अर्जुननगरात. म्हणून ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. इकडे बेळगावात २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. चार पावलांवर विद्यापीठ बदलते, परीक्षक बदलतो. मुलाची बुद्धी तीच, माप निराळे!

मान्यतेवाचून चालणे किती कठीण असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, विद्यार्थिनी पाच, आणि सरकारची मान्यता नाही! १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. परंतु कायद्याने मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. मधली पस्तीस वर्षे ती संस्था कोणाच्या बळावर जगली? देणगीदारांच्या, तशीच सरकारी शिक्का नसतानाही आपल्या लेकी तेथे धाडणाऱ्या आईबापांच्या. समर्थक म्हणतात तो यांना!

हीच वाट न्यूझीलंडच्या माओरी समाजाने धरली. ओटाकी येथे १९८१ साली त्यांच्या तीन जमातींनी आपली भाषा मरू नये म्हणून स्वतःचे उच्च शिक्षणाचे पीठ उभारले. अशा पीठास ते ‘वानंगा’ म्हणतात. पुढे सरकारने वानंगांस कायद्यात स्थान दिले. पण इमारतींसाठी इतर संस्थांस मिळालेला पैसा त्यांस दिला नाही. १९९९ साली वैतांगी न्यायाधिकरणाने सरकारला दोषी ठरविले. कोरी मान्यता म्हणजे रिकामी कणगी, हा त्यातला धडा. अमेरिकेत नवाहो लोकांनी १९६८ साली आपले महाविद्यालय स्थापिले. आणि २००२ साली अनेक देशांतील अशा संस्थांनी एकत्र येऊन आपला जागतिक संघ काढला. हा संघ स्वतः मान्यता देतो. तपासणीस येतात ते दुसऱ्या आदिवासी समाजांतील शिक्षक आणि ज्येष्ठ. भाषा जगली काय, समाजाने ठरविलेले ध्येय गाठले काय, हे ते पाहतात.

कोणी म्हणेल, ही तर आपणच आपल्याला गुण देण्याची रीत! आम्हास हा आक्षेप मान्य नाही. वैद्याची परीक्षा वैद्य घेतो, वकिलाची वकील घेतो. त्यास कोणी पक्षपात म्हणत नाही. मग आपल्या विद्येची परीक्षा आदिवासी जाणत्याने घेतली, तर तेवढाच पक्षपात कसा?

आपल्या देशात २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले, हे चांगलेच झाले. पण ते शासनाच्या कायद्याने झाले आहे. नाव गोंडांचे असणे आणि माप गोंडांच्या हाती असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दूर कशाला जावे? खानापूरच्या रानात सिद्दी बांधव राहतात. उद्या त्यांनी आपल्या रानविद्येचे विद्यालय काढले, तर आपण काय करणार? जागा द्यावी, वर्गणी द्यावी, त्यांच्या दाखल्यास आपल्या संस्थांत मान द्यावा; पण काय शिकवावे हे सांगावयास बसू नये. वर्गणी देणाऱ्याने पायलीवर हात ठेवला, तर तो समर्थक राहत नाही. तो नवा सावकार होतो!

आपल्या मुलाने आपल्या भाषेत शिकावे, हा हट्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या धरला आहे. तो न्याय्य आहे. परंतु जो न्याय आपण मागतो, तो दुसऱ्यास देताना आपला हात आखडला, तर आपल्या मागणीत न्याय उरत नाही, केवळ स्वार्थ उरतो. बेळगुंदीकर तसे होऊ देणार नाहीत, हा आमचा विश्वास आहे.