यष्टीमागची बेगमी



एखाद्या संघाच्या राखीव बळाची मोजदाद करावयास बसलेला मनुष्य फलंदाजांच्या बाबतीत सहसा फसत नाही, कारण सहा-सात फलंदाज एकाच वेळी खेळत असल्यामुळे उद्याच्या उमेदवारालाही आज खालच्या क्रमांकावर का होईना, उभा करून पारखता येते. परंतु यष्टिरक्षकाची गादी एकच, तीवर एक बसला की दुसऱ्याने तंबूत बसून राहावे हाच शिरस्ता, आणि म्हणून या एका जागेपुरती बेगमी किती, हे ठरविणे क्रिकेटच्या दप्तरातील सर्वांत अवघड काम होय, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरचे प्रारब्धही असेच असते. तेथे प्रत्येक मोठ्या संघाच्या पदरी दुय्यम संघांची उतरंड असते, आणि प्रत्येक जागेसाठी तीत कोण कोण तयार होत आहे याची चर्चा तिकडील रसिक आपल्याकडील निवडणुकीइतक्याच हिरिरीने करतात. न्यूयॉर्क यांकीज संघात योगी बेरा या नामांकित कॅचरच्या छायेत राल्फ हौक १९४७ ते १९५४ असे आठ हंगाम राहिला आणि एवढ्या काळात अवघे ९१ सामने खेळला. पुढे तोच त्या संघाचा व्यवस्थापक होऊन १९६१ व १९६२ या दोन्ही वर्षी अजिंक्य ठरला, म्हणजे खेळाची जाण त्याला नव्हती असे म्हणण्याची सोय नाही! उलट १९५५ मध्ये आलेल्या एल्स्टन हॉवर्डला बेराची जागा मोकळी नसताना मैदानात अन्यत्र खेळविण्यात आले, आणि बेराचे वय झाले तेव्हा हॉवर्ड कसलेला निघाला.

आपल्याकडे हाच प्रसंग भारतीय संघाने अनुभवला. मुंबईच्या नरेन ताम्हाणे यांनी २१ कसोटींत ३५ झेल व १६ यष्टिचीत असे ५१ बळी मिळविले. त्याच काळात आपल्या महाराष्ट्र संघाचे नाना जोशी १२ कसोटी खेळले, आणि १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर हे दोघेही गेले होते. इतकी श्रीमंती असूनही पुढच्याच मोसमात, जानेवारी १९६० मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मुंबई कसोटीत निवड समितीने बुधी कुंदरन या तरुणास उभे केले, ज्याच्या नावावर तोवर रणजी करंडकातील एकही सामना नव्हता! उमेदवारांच्या यादीत शोधून हा मनुष्य कोणास सापडला असता? मागाहून फारुख इंजिनियर आले व दोघांची स्पर्धा सुरू झाली. तथापि १९६७ च्या बर्मिंगहॅम कसोटीत इंजिनियर यष्टीमागे आणि कुंदरन चक्क गोलंदाजीची सुरुवात करीत आहे, असेही दृश्य दिसले.

याच्या उलट, नयन मोंगियाची कारकीर्द मावळू लागल्यापासून २००४ अखेर धोनी येईपर्यंतचा काळ पाहा. प्रसाद, करीम, दहिया, दिघे, दासगुप्ता, रात्रा, पार्थिव, कार्तिक अशी नावांची रीघ लागली. इतके उमेदवार म्हणजे केवढी समृद्धी, असे यादी पाहणाऱ्यास वाटावे. परंतु ते दारिद्र्यच होते, कारण एकदिवसीय सामन्यांत अखेर राहुल द्रविडसारख्या फलंदाजाच्या हाती मोजे द्यावे लागले. समीर दिघेंनी मार्च २००१ मध्ये चेन्नईस नाबाद २२ धावा करून ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी जिंकून दिली, तरी त्यांनाही ती गादी फार दिवस लाभली नाही. आपल्या हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात व्यापारी पोत्यांची थप्पी पाहून भाव बोलत नाही, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. निवड समित्यांनी तेवढी तसदी घेतली असती तर!

आता घराजवळ येऊ. आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. अलीकडचा मुलगा महाराष्ट्र संघाच्या हद्दीत, पलीकडचा विदर्भाच्या. पलीकडे अक्षय वाडकर यष्टिरक्षक व कर्णधार, आणि त्याच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने २०२४-२५ चा रणजी करंडक जिंकला. तेव्हा भारतातर्फे वीस षटकांचे सामने खेळलेल्या अमरावतीच्या जितेश शर्माच्या वाट्याला तेथे प्रथम श्रेणीचे सामने फारसे आले नाहीत, आणि २०२५ मध्ये तो बडोद्याकडे गेला. यात दोष कोणाचाच नाही. पण जी शिल्लक वापरात येत नाही ती फार काळ आपली राहत नाही, हे विदर्भालाही चुकले नाही.

मग बेगमी मोजावी कशी? सोळा, एकोणीस व तेवीस वर्षांखालील संघांत मोजे घालणाऱ्यांची नावे मांडणे हे कारकुनी काम झाले. त्यापुढे असे विचारावे की, या मुलाने फिरकीला यष्टीलगत उभे राहून किती षटके काढली, मॅटिंगवर की मातीच्या खेळपट्टीवर, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे गुडघे वाकत होते काय. याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात नसते. झेल लिहितात, यष्टिचीत लिहितात, बाय धावाही लिहितात. हुकलेली संधी मात्र कोणी लिहीत नाही, आणि यष्टिरक्षकाची खरी किंमत तीतच दडलेली असते. त्यामुळे गावोगावच्या सामन्यांत ज्याची फलंदाजी बरी त्याच्याच हाती मोजे जातात, आणि हाताचा खरा सफाईदार पोरगा सीमारेषेवर उभा राहतो.

या सभेत शाळांचे क्रीडाशिक्षक व क्लबांचे चालक बसलेले दिसतात, म्हणून त्यांना एवढीच विनंती आहे: येत्या मोसमापासून गुणपत्रकाच्या समासात यष्टिरक्षकाचा एक रकाना आखा, हुकलेले झेल व यष्टिचीत त्यात तारीखवार लिहा, आणि प्रत्येक संघात दुसऱ्या यष्टिरक्षकास निदान दर तिसऱ्या सामन्यात यष्टीमागे उभे करा.