गाडी काढण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोटारीविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. मंडळात आजवर बालसंगोपनापासून ज्ञानेश्वरीपर्यंत सर्व विषय झाले. टायरमधल्या हवेवर हे पहिलेच भाषण असावे. पण आता आपल्यापैकी कितीतरी जणी गाडी चालवतात, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचगणीहून वाईकडे उतरत होतो. पसरणी घाटातल्या एका वळणावर ब्रेक दाबायला गेले, तो पाय खाली जाईना! मागून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकखाली अडकली होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून वेग बेताचा होता. हँडब्रेक हळूहळू ओढून थांबवली. बाटली कोणी टाकली याचा घरात पुष्कळ खल झाला. खरे सांगायचे तर निघण्याच्या घाईत ती मीच सीटवर भिरकावली होती. पहाटे साडेचारला उठून सगळ्यांचे चहा, दशम्या, सामानाची बांधाबांध उरकली, कुलूप लावले आणि तशीच येऊन चाकामागे बसले. घरातली सर्वांत थकलेली व्यक्ती गाडी चालवायला बसली होती, आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्यासुद्धा!

म्हणून आता प्रवासाची तयारी मी आदल्या संध्याकाळीच करते. गाडीचे काम फार नसते. टायरची हवा गाडी थंड असताना मोजायची. किती हवी तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. गाडी भरून जायची असेल तर आकडा वेगळा असतो. स्टेपनी विसरू नये. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली, की टायर संपला समजावे. पावसाळ्यात तर इतकी वाटही पाहू नये. दिवे, वायपर, ऑइल यांना पाच मिनिटे पुरतात.

स्वतःची तपासणी मात्र आपण करीत नाही. सर्दीची गोळी घेतली असेल तर पुष्कळदा झोप येते, हे पाकिटावर लिहिलेले असते, वाचतो कोण? ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ 90 मीटर गाडी कोणीच चालवत नसते. भांडून निघालो तरी तेच. डोळे रस्त्यावर, मन स्वयंपाकघरात. आणि "आज मला चालवणे जमणार नाही" हे म्हणायला आपल्याला फार जड जाते. एवढी हौसेने शिकले आणि आता माघार घेते, असे कोणी म्हणेल, ही भीती! पुरुषांनाही ती असते. ते कबूल करीत नाहीत इतकेच.

पादत्राणांचेही तेच. सुटी चप्पल पेडलखाली जाते, पदर दारात अडकतो. पदर खोचून घ्यावा, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. यजमानांनी मागे सरकवलेली सीट आणि आरसे आपल्या उंचीला लावल्याखेरीज चावी फिरवू नये.

मागे बसणाऱ्यांचा पट्टा हा तर वादाचाच विषय. 2022 च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती अंत झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. आमच्या सासूबाईंना पट्ट्याने कोंडल्यासारखे वाटे. "आई, तुम्ही लावल्याशिवाय मी निघत नाही" म्हणून मी चक्क गाडी बंद करून बसले. दहा मिनिटे अबोला झाला, पण पट्टा लागला. आता त्याच मागच्यांना बजावतात.

माझी गाडी खाली अंगणात उभी आहे. हवा मोजायचा गेजही आणला आहे. चहा झाल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे.