दुखरा खांदा आणि सुईचा उपचार



ही व्याख्याने भरतात तो काळ आपल्या जिल्ह्यात आंबे उतरवण्याचा. झेल्याची लांब काठी दिवसभर उंच धरणारा गडी, किनाऱ्यावर रापण ओढणारा मच्छीमार, विहिरीचे पाणी शेंदणारी गृहिणी, सर्वांचा भार खांद्यावर. तो धरला की आधी तेल, मग शेक, आणि शेवटी प्रश्न येतो, "सुया टोचून घ्याव्यात का?"

ही चिनी विद्या. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस शल्यवैद्य, १९४२ साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी बंगालचे डॉ. विजयकुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले आणि ॲक्युपंक्चर शिकून परतल्यावर कलकत्त्यात ते उपचार करू लागले. आपल्या देशात ही पद्धती रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

आता खांदा पाहू. हा उखळीचा सांधा. पण उखळ उथळ आहे. म्हणूनच हात चोहीकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याची सारी भिस्त भोवतालच्या स्नायूंवर व कंडरांवर असते. कंडरा घासली की हात वर नेताना कळ येते. सांध्याचे आवरण आखडले की खांदा जखडतो. वेणी घालणे, सदऱ्याची बाही चढवणे अवघड होते. चाळिशी ते साठीत, आणि विशेषतः मधुमेह्यांत, हे अधिक आढळते. चिनी लोक या विकाराला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात.

सुईचा उपयोग होतो का? जर्मनीत ४२४ रुग्णांवर प्रयोग झाला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना खऱ्या जागी सुया, काहींना भलत्याच जागी वरवर, तर काहींना नेहमीचे औषधोपचार. उपचार संपल्यानंतर तीन महिन्यांनी वेदना निम्म्याने किंवा अधिक उतरलेले रुग्ण अनुक्रमे शेकडा ६५, २४ आणि ३७ निघाले. स्पेनमधला २००८ चा प्रयोग आणखी मौजेचा: सुई टोचली ती पायाच्या नडगीशेजारी! मात्र सर्वांना व्यायामोपचारही दिला होता, आणि सुईवाल्यांचा खांदा अधिक सुधारला. आकडे आशादायक आहेत, पण निर्णायक नाहीत. कोणाला सुई टोचली हे टोचणाऱ्याला ठाऊकच असते. त्याच्या विश्वासाचाही परिणाम रुग्णावर होतो. नऊ प्रयोगांचा २००५ मधला आढावा तर, ठाम होकार वा नकार देण्याइतका पुरावा नाही, असेच सांगतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: सुईला मदतनीस माना, वैद्याची जागा देऊ नका. दुखणे कशाचे हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तातली साखर तपासा. कळ मानेतूनही उतरते. डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तिथे सुयांत घटकाही न घालवता रुग्णालय गाठावे. खांद्याच्या माथ्याखाली फुफ्फुसाचे टोक असते. अडाणी हाताची खोल सुई तिथे घात करते. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा नोंदणी झालेलाच उपचारक शोधा, सुई नवी व निर्जंतुक आहे हे पाहा, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगा.

सुईने कळ ओसरली तर तो अवकाश व्यायामासाठी वापरा. ओणवे होऊन हात झोक्यासारखा हलवा, बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढा. दुखतो म्हणून हात गळ्यात बांधून महिनोन् महिने बसणाऱ्याचा खांदा अधिकच आखडतो. घरी गेल्यावर दोन्ही हात वर उचलून पाहा, मग पाठीमागे नेऊन पाहा. एक कमी जात असेल तर आंब्याचा हंगाम सरण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.