बिटकॉइन आणि पुपुसावालीचा गल्ला

क्रिप्टोचलन हा रोजच्या व्यवहारातला कायदेशीर पैसा व्हावा का, यावर बोलायला आकाशवाणीनं सांगितलं आहे. मी थेट मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरकडे वळतो, कारण त्या देशानं हे करून पाहिलं.

तिथं 2001 पासून अमेरिकी डॉलरच चालतो. 7 सप्टेंबर 2021 पासून त्याच्या जोडीला कायद्यानं बिटकॉइन आला, आणि दुकानदारांनी तो घेणं सक्तीचं झालं. राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या सरकारनं ‘चिवो’ नावाचं ॲप काढलं आणि ते घेणाऱ्या नागरिकाला 30 डॉलरचे बिटकॉइन भेट दिले. पुष्कळांनी भेट घेतली, खर्चून टाकली आणि ॲपकडे पुन्हा पाहिलं नाही.

का बरं? रस्त्यावर पुपुसा विकणारी बाई डोळ्यांसमोर आणा. पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची, आत चीज नाहीतर घेवडा भरलेली जाड भाकरी. सकाळी तिनं पीठ उधार आणलं. संध्याकाळी गल्ला मोजून ते पैसे फेडायचे, आणि देणं डॉलरमध्ये ठरलेलं. आता गल्ल्यात बिटकॉइन असला आणि त्याचंच मोल घसरलं तर? नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास गेला होता. वर्षभरानं तो 17 हजारांच्याही खाली आला. पैसेवाला थांबू शकतो. या बाईला उद्या पहाटे पुन्हा पीठ आणायचंय.

सरकार म्हणालं, मिळालेल्या बिटकॉइनचे तिथल्या तिथे डॉलर करून घ्या, त्यासाठी 15 कोटी डॉलरचा निधी ठेवलाय. मग जोखीम गेली कुठे? सरकारी तिजोरीवर. म्हणजे फिरून त्याच बाईच्या करांवर.

माझे विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात, “सर, भाव वाढेल का?” अरे बाबांनो, जे वाढेल म्हणून जपून ठेवायचं, ते भाजीवाल्याला कोण देईल? पैशाला आधी एवढंच विचारा: संध्याकाळी तू तेवढाच राहशील का? पुन्हा सांगतो, तेवढाच राहशील का?

एल साल्वाडोरमधून परदेशी गेलेली माणसं घरी धाडतात तो पैसा तिथल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे. बिटकॉइनमुळे पाठवणावळ वाचेल, हा मुद्दा मलाही मोलाचा वाटतो. पण 2023 मध्ये त्या वाटेनं शंभरातला जेमतेम एक डॉलर आला.

वेळ संपत आलीय, म्हणून मत सांगतो. ज्याला हवं त्यानं बाळगावं; दुकानदारावर सक्ती नको. एल साल्वाडोरनंही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 140 कोटी डॉलरच्या कर्जासाठी जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलला. आता तिथं बिटकॉइन घेणं ऐच्छिक आहे, आणि कर डॉलरमध्येच भरावा लागतो.