पोरं पोहतील, पण कुठे? शिरूर-दौंडकरांसाठी

मे महिना लागला की फॅमिली ग्रुपवर एक रील येतंच. निळं पाणी, मागे डोंगर, काठावर तंबू आणि वर लिहिलेलं, 'पुण्याजवळचं मिनी गोवा'. लगेच काकूंचा मेसेज, "रविवारी जायचं का सगळ्यांनी? पोरं पोहतील." आजचा भाग या 'पोरं पोहतील'वर आहे. मी शिरूरचा, आजोळ दौंडकडं, त्यामुळे उदाहरणं आपल्याच पट्ट्यातली.

सगळ्यात आधी एक गोष्ट. समुद्राला किनारा असतो, धरणाला नसतो. पवना असो, भाटघर असो की उजनी, तिथे आधी शेतं होती, वस्त्या होत्या, पाणी नंतर आलं. आपण ज्याला बीच म्हणतो ते कुणाचं तरी वावर असतं. चार पावलं गुडघाभर पाणी, आणि पाचव्या पावलाला बांध संपतो. किंवा जुनी विहीर लागते. पटत नसेल तर उजनी आठवा. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक गाड्या काढून बघायला जातात. म्हणजे खाली काय काय आहे ते वरून कळत नाही.

मे २०२२ मध्ये भोर तालुक्यात नऱ्हे गावाजवळ भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या. अशा बातम्यांमध्ये आकडा मोठा का असतो, माहितीये? एक जण घसरतो, दुसरा हात द्यायला जातो, त्याच्यामागे तिसरा. माया असते म्हणूनच जातात.

परदेशातल्या तलावांचे फोटो बघून आपण तुलना करतो. पण युरोपात बऱ्याच तलावांवर न पोहणाऱ्यांसाठी दोर लावून जागा आखलेली असते, जीवरक्षक असतो. आपल्याकडं तंबूवाला असतो, चहा असतो, भजी असतात. पाण्याकडं बघणारा कोण, ते विचारा.

आता जवळचं बोलू. दौंडला भीमा घराशेजारी आहे, पण वरती रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठा मिळते, म्हणजे पुणे-पिंपरीचं सांडपाणी मिळतं. त्यात पोरांना उतरवू नका, विषय संपला. शिवाय जिथे वाळू उपसलीये तिथे पात्रात खड्डे आहेत. शिरूरकरांचं लाडकं ठिकाण निघोज. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघाच, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी काळा कातळ कसा कोरलाय ते पोरांना दाखवा. पण बघायचंच. त्या गुळगुळीत भिंतीला धरायला काही नाही. आणि कॅनॉल? काठ उतरते, शेवाळलेले, पाण्याला ओढ. पट्टीचा पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही.

उरलं चिंचणीचं घोड धरण आणि उजनीचा फुगवटा. डबा घेऊन जा, पक्षी बघा, पाय भिजवा. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालून, सकाळी. मेमधल्या दुपारी वारं कधी सुटेल नेम नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले.

"मग पोहायचं कुठे?" माझं उत्तर जुनंच आहे: मामाची विहीर. हसू नका! पायऱ्या असलेली, बांधलेली, मालक ओळखीचा, खोली ठाऊक. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या पाठीला भोपळा नाहीतर रिकामा कॅन बांधून तिथेच शिकल्या. पण विहिरीचेही नियम आहेत. मोटर नुसती बंद करून चालत नाही, मेन स्विच काढा. कारण स्टार्टरला 'ऑटो' असतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, आणि वायर कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. सूर मारायच्या आधी यंदा पाणी किती आहे ते मामांना विचारा, गेल्या वर्षीचा हिशोब धरू नका. आणि पायऱ्या नसलेली, नुसत्या दोरावर उतरायची विहीर असेल तर लहान पोरांना नकोच.

विहीर नसेल तर तिकीट काढून तरणतलाव किंवा कृषी पर्यटन केंद्रातला टँक. फोनवर दोनच गोष्टी विचारा: उथळ बाजूला पाणी किती, आणि पोहता येणारा माणूस काठावर असतो का? "असतो की, आमचा पोरगा असतो," असं उत्तर आलं तर तो पोरगा त्या वेळी काय करत असतो, तेही विचारा.

कुठेही गेलात तरी एका मोठ्या माणसाची ड्युटी लावा. त्याचा फोन दुसऱ्याकडं. अर्ध्या तासाने माणूस बदला. बुडणारा माणूस पिक्चरसारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, आवाज निघतच नाही. म्हणून कानावर विसंबू नका, डोळे लावून बसा. कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. दोर बांधलेला रिकामा कॅन फेका, साडी फेका, काठी द्या, आणि ११२ लावा. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं असलं काही करायचं नाही. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. हे व्हिडिओ बघून येत नाही, प्रशिक्षण घ्यावं लागतं.

कॅनला दोर मात्र आजच बांधून ठेवा. वीस-पंचवीस फुटांचा, आणि गाठ ओढून बघा.