गाडी तापली, रस्ता तुंबला: येलदरीच्या गर्दीत इंजिन कसं वाचवायचं

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा, आणि घरात ज्याच्या हातात गाडी असते त्याला नक्की पाठवा.)

आजचा विषय आहे गरम होणाऱ्या गाडीचा. गाडी म्हणजे आपली मोटारसायकल, चारचाकी नाही बरं का. आणि भर रस्त्यात पळताना तापते तीही नाही. गर्दीत, रांगेत, बैलगाडीच्या वेगानं चालताना जी तापते, ती.

तुम्ही म्हणाल, ट्रॅफिक जाम तर पुण्या-मुंबईचा. आमच्या येलदरीला कुठला आलाय जाम? तर मग आठवा, पावसाळ्यात धरण भरलं आणि दरवाजे उघडल्याची बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की काय होतं ते. जिंतूरकडून गाड्या, सेनगावकडून गाड्या. प्रत्येक गाडीवर तिघं, आणि प्रत्येकाला पाण्याचा व्हिडिओ काढायचाय. त्या दिवशी रस्ता इंच-इंच सरकतो. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असला आणि ओव्हरटेकला जागा नसली की तेच. आषाढी वारीच्या दिवसांत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड भागातून जाते, तेव्हा पालखीमागं गाडी चालवलेल्यांनाही हे माहीत आहे. आणि एप्रिल-मे मधल्या लग्नाच्या वरातीमागं 42 डिग्रीत अडकलेला माणूस तर हा भाग शेवटपर्यंत ऐकणारच!

गाडी तापते म्हणजे होतं काय?

तुम्ही 100 रुपयांचं पेट्रोल टाकलं, तर त्यातले साधारण 25 ते 30 रुपयेच गाडी ओढायच्या कामी येतात. बाकी सगळी उष्णता. काही सायलेन्सरमधून धुरासोबत जाते, उरलेली इंजिनाच्या अंगात राहते. ती बाहेर काढावीच लागते.

आता येलदरीच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. पूर्णेवरचं आपलं धरण 1968 साली पूर्ण झालं, तेव्हापासून इथल्या लहान पोरालाही 'आवक' आणि 'विसर्ग' हे शब्द कळतात. वरून आवक चालू आणि खाली विसर्ग बंद, तर पातळी चढणारच. इंजिनाचंही तसंच आहे. पेट्रोल जळतंय ही उष्णतेची आवक. अंगावरून वारा जातोय हा विसर्ग. गाडी 50 च्या वेगानं पळते तेव्हा आवक जास्त असते, पण विसर्गही दणकून असतो. रांगेत गाडी उभी राहिली की वारा बंद. इंजिन मात्र चालूच! म्हणजे दरवाजे बंद, आवक सुरू.

आपल्याकडच्या 100-125 सीसीच्या बहुतेक गाड्या एअर कूल्ड असतात. इंजिनाच्या ब्लॉकवर आणि हेडवर त्या पातळ पातळ पट्ट्या दिसतात ना, त्यांना फिन्स म्हणतात. वाऱ्याला जास्त जागा लागावी म्हणून त्या दिलेल्या आहेत. पण वाराच नसेल तर फिन्स तरी काय करणार?

इथं एक गंमत सांगतो. बरेच जण विचारतात, बहिणीची स्कूटी त्याच गर्दीत आरामात चालते, मग माझीच गाडी का भाजते? कारण स्कूटरचं इंजिन पत्र्याखाली किंवा प्लास्टिकखाली झाकलेलं असतं, त्याला समोरचा वारा मिळतच नाही. म्हणून बहुतेक स्कूटरमध्ये इंजिनासोबत फिरणारा पंखा असतो. स्कूटर उभी असली तरी तिचा पंखा वारा देतो. जुन्या बजाज चेतकमध्येही हीच सोय होती. मोटारसायकलला ती सोय नाही. तिचा पंखा म्हणजे तिचं पळणं.

नुकसान कसं होतं?

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. तो ज्या नळीत वर-खाली होतो, तिचा आतला भाग बहुतेक गाड्यांत लोखंडी असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट असते आणि त्या फटीत ऑईलचा थर असतो. उष्णता हाताबाहेर गेली की ऑईल पातळ होतं, फट कमी होते आणि पिस्टन भिंतीला घासायला लागतो. आणखी ताणलं तर पिस्टन जागीच अडकतो. यालाच आपण म्हणतो, 'इंजिन बसलं' किंवा 'सीज झालं'.

मग बोर, पिस्टन, रिंगा, मजुरी. खर्च हजारांत जातो. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गाडी आठवडाभर गॅरेजला. आपल्याकडे एकच गाडी सगळं घर चालवते. सकाळी डेअरीला दूध, मग शाळेत लेकरू, दुपारी शेतात खताची बॅग, आणि रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर जिंतूरचा दवाखाना. तीच गाडी बंद म्हणजे घरच बंद. हप्ता मात्र चालूच असतो.

गाडी आधी सांगते, ऐका

गाडी अचानक बसत नाही, आधी इशारे देते.

पहिला, ओढ कमी होते. तेवढाच ॲक्सिलेटर पिळला तरी गाडी आधीसारखी उचलत नाही. दुसरा, आवाज बदलतो. चढाला किंवा ओझ्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा टणटण आवाज येतो. तिसरा, जळक्या ऑईलचा किंवा क्लच प्लेटचा वास. चौथा, किल्ली बंद केल्यावरही इंजिन दोन-चार झटके मारतं.

आणि घाबरायचं कशाला नाही तेही सांगतो. गाडी बंद केल्यावर जे 'टिक... टिक...' ऐकू येतं, तो गार होताना आकसणाऱ्या धातूचा आवाज. तो रोजचाच आहे. पायाला गरम वाफ लागणं हेही उभ्या गाडीवर साहजिक आहे. पण ओढ कमी आणि आवाज वेगळा, हे दोन्ही एकदम आले की समजायचं, पातळी धोक्याच्या खुणेला लागली.

गर्दीत असताना काय करायचं?

आधी आवक कमी करू.

एक. रांग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबणार असं दिसलं की गाडी सरळ बंद करा. पुन्हा चालू करायला जे पेट्रोल लागतं ते नगण्य असतं. हिरोच्या काही गाड्यांत आय-थ्री-एस नावाची सोय असते. न्यूट्रलला थांबलात की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. कंपनीच जे करते ते आपण हातानं करायला काय हरकत आहे?

दोन. हाफ क्लचवर गाडी टांगून ठेवू नका. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. क्लच घासला की ती उष्णता त्याच ऑईलमध्ये जाते, आणि ऑईल आधीच तापलेलं! त्यापेक्षा पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या. 10-15 फूट जागा झाली की पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढं जा, आणि थांबा.

तीन. तिसऱ्या गिअरमध्ये रडवत नेऊ नका. गर्दीत पहिला, फार तर दुसरा. आणि उभ्या गाडीवर उगाच ॲक्सिलेटर पिळू नका. त्यानं रस्ता मोकळा होत नाही, फक्त आवक वाढते.

आता विसर्ग वाढवू.

बाजूला जागा मिळाली की सावलीत गाडी लावा, बंद करा आणि 10-15 मिनिटं थांबा. तोंड वाऱ्याच्या दिशेनं करता आलं तर उत्तम. तेवढ्यात तुम्हीही पाणी प्या, हेल्मेट काढून डोकं गार करा. उन्हात इंजिनासोबत माणूसही तापतो, आणि माणसाला बोर किट मिळत नाही. लेकरू सोबत असेल तर त्याचे पाय सायलेन्सरपासून लांब ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतायचं नाही. ओलं गोणपाटही टाकायचं नाही. लगेच कुणीतरी म्हणेल, पावसात भिजतंच की! पावसात इंजिन सुरुवातीपासून भिजत असतं, म्हणून ते तेवढं तापतच नाही. पण अडकून अडकून दीडशे डिग्रीच्या पुढं गेलेल्या हेडवर बादली रिकामी केली, तर एक बाजू झटकन आकसते आणि दुसरी तापलेलीच राहते. त्यात हेड वाकडं होऊ शकतं, तडा जाऊ शकतो, गॅस्केट जाऊ शकतं. वाऱ्यानं गार होऊ द्या, त्याला काही खर्च नाही.

लिक्विड कूल्ड गाडी असेल, म्हणजे रेडिएटरवाली, तर तिला पंखा असतो. तो फिरतोय का ते कान देऊन ऐका. टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आत दाबाखाली उकळता कूलंट असतो, तो थेट तोंडावर उडतो.

आणि चालत्या गाडीचं इंजिन जाम व्हायला लागलं तर? मागचं चाक लॉक होऊ शकतं, गाडी घसरू शकते. त्या क्षणी एकच काम, क्लच पूर्ण दाबा. चाक मोकळं होतं. मग हळूच कडेला घ्या आणि पुन्हा किक मारायच्या भानगडीत पडू नका. मेकॅनिकला बोलवा. हे वाक्य घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

खरं काम घरी, गर्दीच्या आधी

तीच गर्दी, तेच ऊन, तरी शेजारच्याची गाडी तापत नाही आणि आपली तापते. याचं कारण बहुतेक वेळा घरीच सापडतं.

पहिलं, ऑईल. 100 सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑईल असतं. त्यातलं पाव लिटर कमी झालं म्हणजे चौथा हिस्सा गेला! एअर कूल्ड गाडीत वंगणासोबत गार करायचं कामही ऑईलच करतं. म्हणून 15 दिवसांतून एकदा सपाट जागी डबल स्टँडवर लावून पातळी बघा. ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो तोच. बाटलीवर 'जासो एमए' असं आहे का बघा. स्कूटरचं 'एमबी' ऑईल मोटारसायकलमध्ये टाकलं तर क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच म्हणजे पुन्हा उष्णता.

दुसरं, आपली काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यानं गेलात की चिखल फिन्सच्या मध्ये भरतो आणि उन्हात विटेसारखा भाजून निघतो. मग इंजिनावर मातीची गोधडीच पांघरली म्हणा ना! गाडी गार असताना जुन्या ब्रशनं आणि लाकडी काडीनं फिन्स मोकळ्या करा. लेग गार्डला बांधलेली पिशवी, फ्लेक्सचा तुकडा, रेनकोट, हे सगळं समोरचा वारा अडवतं. तेही काढा.

तिसरं, ॲव्हरेजचा मोह. कार्बोरेटरच्या गाडीत 'जरा ॲव्हरेज वाढवून द्या' म्हटलं की पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं सेटिंग होतं. ते मर्यादेबाहेर गेलं की इंजिन जास्त तापतं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं मिश्रण आणखी थोडं पातळ होतं. म्हणून मेकॅनिकला 'ॲव्हरेज वाढवा' म्हणू नका, 'कंपनीच्या मापावर ठेवा' म्हणा. लिटरमागं दोन-तीन किलोमीटर वाचवायला जाऊन इंजिन गमावण्यात शहाणपण नाही. सोबत टॅपेट आणि प्लगही बघून घ्या.

चौथं, चाक हातानं फिरवून बघा. मागचा ब्रेक जास्त आवळलेला, चेन ताणलेली, टायरमध्ये हवा कमी, असं असलं की इंजिनाला दिवसभर फुकटचं ओझं. आणि तिघं बसून वर पोतं असेल, तर तेही ओझंच. त्याचा दोष कंपनीला देता येणार नाही.

तर मित्रांनो, उद्या सकाळी गाडी गार असताना दोनच कामं करा. ऑईलची पातळी बघा आणि फिन्समधली माती काढा. 10 मिनिटांचं काम आहे. आणि पुढच्या वेळी धरण बघायच्या रांगेत अडकलात तर किल्ली बंद करा, खाली उतरा, पाणी बघा. नाहीतरी त्यासाठीच आला होतात ना!

तुमच्या गाडीचा काही वेगळा त्रास असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, मॉडेल आणि किती किलोमीटर चालली तेवढं सांगा. पुढच्या भागात बोलू ब्रेकवर. तोपर्यंत सांभाळून चालवा, हेल्मेट घाला. भेटूच!